इंजिनाची चतुःसीमा

आमच्या घरी मोटार होती, असं मी आजकाल कोणाला सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत माझी किंमत वाढलेली दिसते. म्हणून लगेच पुढचंही सांगून टाकते. ती दोघा भावांत मिळून होती, महिन्यातले वीस दिवस दारात उभी असायची आणि उरलेल्या दहांतले पाच दिवस ढकलावी लागायची. मोटार मूळची फ्रान्सची. कुठल्याशा गिरणीत यंत्रं बसवायला आलेला एक गोरा इंजिनिअर ती बरोबर घेऊन आला आणि जाताना इथेच टाकून गेला. तिथून ती आमच्या गल्लीतल्या एका लूमवाल्या शेठकडे आली. सुटे भाग मिळेनात तेव्हा शेठने ती मोठ्या प्रेमाने माझ्या बाबांच्या आणि काकांच्या गळ्यात मारली. बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. काका जमीन मोजणीच्या कचेरीत कारकून होते. दोघांनाही मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण बाबांना तिचा आकार आवडला आणि काकांना तिचे कागद चोख वाटले.

घर भिवंडीत, धामणकर नाक्याच्या आत, मागेही लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि पुढेही लूम. ती खटाखट आमच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरातलं प्रेमसुद्धा ओरडून व्यक्त व्हायचं. आईने काकूकडे मीठ मागितलं तर तिसऱ्या घरातली बाई मीठ घेऊन यायची. शुक्रवारी कारखान्यांना सुटी. त्या दिवशी आम्ही सवयीने ओरडून बोलायचो, मग एकमेकांकडे बघून हसायचो आणि आवाज खाली आणायचो. गुरुवारी संध्याकाळी काकू वाल सोलायला बसायची, कारण शुक्रवारी आमच्याकडे बिरडं ठरलेलं. मी तिच्यासमोर पाटावर बसायची. भिजून मोड आलेला वाल दोन बोटांत धरून दाबला की तो टुणकन सालीतून बाहेर येतो, आणि काकूच्या बोटांतून तो नेमका परातीत पडायचा. माझे वाल कपाटाखाली जायचे. काकूला मूल नव्हतं. मला आई होती, पण आईला शाळेतल्या पोरांचे कपडे शिवायचे असत, सासर-माहेर दोन्हीकडची दुखणी असत. त्यामुळे माझ्या वेण्या, माझे ताप, माझी रडगाणी हे सगळं खातं पहिल्यापासून काकूकडे होतं. मी बारावीत गेले तरी माझं डोकं दुखलं की मी हाक तिलाच मारायची.

मोटारीचं खातं मधूदादांकडे. मधूदादा गायकवाड, नाक्यावर त्यांचं गॅरेज होतं. आयटीआय शिकलेले, हात काळे आणि शर्ट पांढरा, हे त्यांना कसं जमायचं ते मला अजून कळलेलं नाही. इंजिन बिघडलं की मधूदादा ते लगेच उघडत नसत. शुक्रवारपर्यंत थांबत. ‘बाकीच्या दिवशी इंजिन बोलतंय का लूम बोलतोय, काय समजत न्हाय,’ असं म्हणत. शुक्रवारी लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दांडा कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहत. मलाही त्यांनी तसं ऐकायला शिकवलं. बाबांमुळे माझा हात चित्राला बरा होता आणि मधूदादांना वाटायचं, जिला नीट काढता येतं तिला नीट ऐकताही येणार.

पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा काका, बाबा आणि मी तिघंही वाकून बघत होतो. इंजिन सरळ उभं नव्हतं, मागे कललेलं होतं, जेवून आरामखुर्चीत पडलेल्या माणसासारखं.

“हे काय झोपलंय?” काकांनी विचारलं.

“तसंच बसवलंय त्याला,” मधूदादा म्हणाले. “हे इंजिन दोन कंपन्यांनी मिळून केलंय साहेब. मोटारी विकताना एकमेकींच्या वैरी, पण इंजिनापुरती चूल एक. आन हे एकटं न्हाय. याची भावंडं हायत, हजार सीसीचं, बाराशेचं, चौदाशेचं. सगळी पेट्रोलची, चार सिलिंडरची, अंगकाठी एकच. ही बी कंपनी आपल्या मोटारीत घालते, ती बी घालते.”

“ते ठीक. पण यातला कुठला भाग कुणाचा? हद्द कुठे?”

“हद्द न्हाय साहेब.”

काकांनी मान हलवली. हद्द नाही हे उत्तर त्यांच्या कचेरीत कोणी दिलं असतं तर त्यांनी त्याला पुन्हा बाहेरच्या बाकावर बसवलं असतं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बांधांवर फिती धरल्या होत्या. फ्रान्ससारख्या देशात दोन धनी एका वस्तूवर खुणेचा दगडसुद्धा न रोवता बसतात, हे त्यांना बेशिस्तीचं वाटलं.

भांडण मात्र फ्रान्समुळे झालं नाही, रंगामुळे झालं. उन्हाळ्याच्या सुटीत बाबांनी कोणाला न विचारता मोटार पोपटी रंगवली. अगदी मनापासून, तीन हात देऊन. काका कचेरीतून आले, मोटारीकडे बघत दारात उभे राहिले आणि म्हणाले, “दादा, सामाईक मालमत्तेत बदल करायचा तर दुसऱ्या हिस्सेदाराची संमती लागते.” बाबा म्हणाले, “अरे, रंग आहे तो.” काका म्हणाले, “आज रंग आहे.” एवढंच. आमच्या घरात मोठी भांडणं अशीच व्हायची, चार वाक्यांत संपायची आणि चार महिने पुरायची. त्यातच काकांची बदली पडघ्याला झाली. रोज जाऊन-येऊन करता आलं असतं, हाकेच्या अंतरावर गाव, दर अर्ध्या तासाला गाडी. पण काकांनी तिथे दोन खोल्या बघितल्या आणि दसऱ्याला बिऱ्हाड हलवायचं जाहीर केलं. एका घराच्या दोन चुली होणार होत्या. माझ्यापुरता त्याचा अर्थ एवढाच होता, की काकू जाणार होती.

जाण्याआधी काकांनी वाटणीपत्र केलं. ते मी वाचलं आहे, आणि सांगते, असा कागद महाराष्ट्रात दुसरा झाला नसेल. मोटारीचं इंजिन थोरल्याकडे, गिअरबॉक्स धाकट्याकडे. पुढची सीट थोरल्याची, मागची धाकट्याची. हॉर्न सामाईक, दोघांनाही वाजवण्याचा हक्क. आणि इंजिनाची चतुःसीमा, जशी जमिनीची लिहितात तशीच: पुढे रेडिएटर, मागे पत्र्याची भिंत, एका अंगाला बॅटरी, खाली गिअरबॉक्स. ज्याने त्याने आपापल्या हिश्श्याचं तेलपाणी आपण बघावं, दुसऱ्याच्या हिश्श्यात हात घालू नये. बाबांनी सही करताना नावाखाली एक छोटीशी मोटार काढली. काकांनी ती खोडायला लावली.

त्या दिवसांत काकू नव्या बिऱ्हाडाची तयारी करत होती. एकदा मला घेऊन ती भांड्यांच्या दुकानात गेली. पातेली घेतली, वाट्या घेतल्या, दोन डबे, एक कळशी. नाव घालणारा माणूस मशीन हातात धरून विचारत होता, “ताई, काय नाव घालू?” आमच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर आजोबांचं नाव होतं, चमच्यावरसुद्धा. काकूने पातेलं हातात फिरवून बघितलं. मग हळू म्हणाली, “कुसुम घाला. नुसतं कुसुम.” मशीन कर्रर्र करत पातेल्यावर फिरलं, तिचं स्वतःचं नाव उमटलं आणि काकूने पदराने डोळे टिपले. मी तिचा हात घट्ट धरला. मला वाटलं, बिचारीला घर सुटण्याचं किती दुःख होतंय. परत येताना ती म्हणाली, “तिथे ओट्यासमोर खिडकी आहे गं. पेरूचं झाड दिसतं म्हणे.” मी म्हटलं, “इथे मी दिसते.” ती हसली. आज त्या हसण्याकडे बघते तेव्हा वाटतं, अठरा वर्षांच्या मुलीला डोळे असतात ते फक्त काजळ घालायला.

नवरात्राच्या चौथ्या दिवशी मधूदादा माझ्याकडे एक घड्या पडलेला कागद घेऊन आले. इंजिन मधोमध कापलं तर आत कसं दिसेल, त्याचं चित्र. अक्षरं सगळी फ्रेंच, पण चित्राला भाषा लागत नाही. त्यांना ते गॅरेजच्या भिंतीसाठी मोठं करून हवं होतं. मी दोन दिवस ड्रॉइंग पेपरवर काढत बसले. पिस्टन काढले, साखळी काढली, खालचे गिअर काढले, आणि मग लक्षात आलं, की गिअरबॉक्सचं तेल कुठे राहतं त्याची वेगळी रेघ चित्रात नाही. माझीच चूक असेल म्हणून मी मधूदादांना दाखवलं.

“बरोबर हाय तुझं,” ते म्हणाले. “पोट एकच. वर इंजिन, खाली गिअर, दोघं एकाच तेलावर. म्हणून तर म्हटलं, हद्द न्हाय. आता ऐक, मी नागपूरला चाललोय, दीक्षाभूमीला. धा दिवस न्हाय. तुझे बाबा आन काका खंडेनवमीला तेल बदलाया बसतील, मला ठाव हाय. वर एक झाकण हाय, बाजूला एक बूच हाय. दोन्ही एकाच पोटात जातात. दोघांना सांग, मी येस्तवर तेलाला हात लावू नका.”

विसरायला नको म्हणून मी ते चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं. आणि त्या रात्री जेवताना सांगायला तोंडही उघडलं. “काका, मधूदादा म्हणत होते की तेल—” एवढ्यात काका म्हणाले, “विजू, मोटारीतलं तुला काय कळतंय? ताटाकडे बघ.” मी ताटाकडे बघितलं. अपमान झाला म्हणून मी गप्प बसले, असं मी स्वतःला पुढे कितीतरी वर्षं सांगत आले आणि ते मला छान पटतही होतं. पण खंडेनवमीला अजून तीन दिवस होते, आणि त्या तीन दिवसांत मला कोणीही ताटाकडे बघायला सांगितलं नव्हतं. खरं एवढंच, की मोटार बिघडली तर बिऱ्हाड हलणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

खंडेनवमीला सगळ्या भिवंडीत यंत्रांची पूजा होते. लूम पुसून, हळदकुंकू लावून बंद ठेवतात. त्या शांततेत सकाळी काका अंघोळ करून बाहेर गेले, बाजूचं बूच उघडलं आणि नरसाळ्याला रबरी नळी लावून आपल्या हिश्श्यात गिअरचं जाडं तेल ओतलं. अगदी सोवळ्यात. दुपारी वामकुक्षी झाल्यावर बाबा गेले आणि त्यांनी वरच्या झाकणातून इंजिनाचं तेल ओतलं. आधीचं जुनं तेल आतच होतं. ते काढायचं तर ते कोणी कोणाच्या हद्दीतून काढायचं, असा प्रश्न आला असता. मग दोघांनीही आपापल्या जागी फूल वाहिलं. मी पायरीवर बसून वाल सोलत होते. काकू आत ट्रंक भरत होती आणि मधेच गुणगुणत होती.

दसऱ्याला दुपारचा मुहूर्त. बॉनेटवर झेंडूची माळ, टपावर दोरीने बांधलेली ट्रंक, आत आम्ही पाच जण. बाबा चालवायला, कारण इंजिन त्यांचं. काका शेजारी. बाबांनी गिअर बदलला की प्रत्येक वेळी काका म्हणायचे, “दादा, हळू टाक. तो माझा आहे.” नाशिक रस्त्याला लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग मागून निळा धूर यायला लागला. आईने खिडकी लावली. पहिला चढ आला तेव्हा इंजिन जिवाच्या आकांताने ओरडायला लागलं आणि मोटार मात्र जागची हलेना. पुढे पडघ्याचा रस्ता दिसत होता. काकू ट्रंकेची दोरी सुटली का, ते बघायला उतरली. सुटली नव्हती.

कापडाचे तागे नेणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरने धुराकडे बघितलं, माळेकडे बघितलं आणि विचारलं, “साहब, अंदर हवन चालू है क्या?”

कोणी हसलं नाही. मला हसू येत होतं, ते मी दाबलं. त्याच टेम्पोने मोटार ओढत परत आणली आणि आम्ही ताग्यांवर बसून सीमोल्लंघन उलट्या दिशेने केलं. वाटेत काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक प्रकाश पडत गेला. घरी पोचल्यावर ते म्हणाले, “दादा, देवीने अडवलं. घर फुटू नये अशी तिची इच्छा दिसते.” बाबा, जे आयुष्यात देवळाची पायरी फक्त रंगवायला चढले होते, ते म्हणाले, “मलाही तसंच वाटलं रे.” दोघांनी एकमेकांना सोनं दिलं, म्हणजे आपट्याची पानं, आणि वाटणीपत्र फाडलं. आई रडली. मी काकूच्या गळ्यात पडले. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि मग म्हणाली, “ट्रंक माळ्यावर टाका. उघडायला नको.”

मधूदादा परत आले, त्यांनी खालचं बूच काढलं आणि तेल बादली भरून वाहिलं. दुसरी बादली आणावी लागली. काकांना सगळं समजलं, म्हणजे देवीपेक्षा नरसाळ्याचा हात मोठा होता, हे समजलं. ते चिडले. “गायकवाड, तुम्ही जाण्याआधी सांगायला नको होतं? एवढी मोटार हातात देतो तुमच्या!”

मधूदादांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा स्पॅनर उचलायला लागतो तेवढाच. मग म्हणाले, “चुकलं साहेब. सांगून जायाला पायजे होतं.” मी तिथेच उभी होते. तेव्हाही बोलले नाही. घर वाचवल्याचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी लाजेने कान तापले होते. त्यानंतर काका मोटार दुसऱ्या गॅरेजमध्ये न्यायला लागले, आणि तिथे ती कोणालाच कळली नाही. दोन वर्षांत ती भंगारात गेली. मधूदादांकडे मी पुढे एकदा गेले, माफी मागायला. तो शुक्रवार होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला आणि एका रिक्षाच्या इंजिनाकडे बोट करून म्हणाले, “बघ, काय बोलतंय.” माफीचं राहूनच गेलं.

मी पुढे ठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करायला लागले. मग लग्नानंतर कशेळीच्या पुलापलीकडे, ठाण्यातच, आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. काका तोवर गेले होते. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी काकू एकटीच आली, रिक्षात ट्रंक घालून. शुक्रवार नव्हता, तरी तिने पिशवीतून सोललेले वाल आणले होते.

“उघड,” ती म्हणाली. “तुझ्याकडे वापरली जातील.”

भांडी कोरी होती. एकेक बाहेर काढत गेले. कुसुम, कुसुम, कुसुम. तळाला ड्रॉइंग पेपर अंथरलेला होता, पिवळा पडलेला. पिस्टन, साखळी, खालचे गिअर. आणि कोपऱ्यात माझ्या अक्षरात, पेन्सिलीने: मधूदादा येईपर्यंत दोघांनी तेलाला हात लावू नये.

“तुझ्या कॉटमागे होता,” काकू म्हणाली. “दसऱ्यानंतर झाडताना सापडला. मधूला तू दुसरा काढून दिलास ना?”

मी मान हलवली. कागद बाजूला ठेवत म्हटलं, “मग तू बोलली का नाहीस?”

“तू कुठे बोललीस?” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “मला जायचं होतं गं विजू. दोनच खोल्या, पण माझ्या असत्या. तुला सोडून जायचं वाईट वाटत होतंच. पण जायचं होतं. आणि त्या दिवशी तू अशी काही खूश होऊन गळ्यात पडलीस, मग कोणाला सांगणार?”

माझ्या हातात पातेलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला त्या घराची राखणदार समजत आले होते. माझ्या प्रेमाची हद्द कुठे संपते आणि काकूचा संसार कुठे सुरू होतो, हे बघायची मला कधी गरज वाटली नव्हती.

काकूने ते पातेलं माझ्या हातातून घेतलं, धुतलं आणि ओट्याकडे गेली. माझ्या ओट्यासमोर खिडकी आहे. बाहेर पेरू नाही, समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. ती थोडा वेळ तिकडे बघत उभी राहिली. मी सवयीने मदतीला पुढे झाले.

“तू बाहेर बस,” ती म्हणाली. “मी करते.”

मी दारातच थांबले, आत पाऊल टाकलं नाही. काकूने गॅस पेटवला आणि तिच्या पातेल्यात तेल ओतलं.